कोळशाची साडेसाती

पहिल्यापासून सांगा म्हनता तर पहिल्यापासून सांगते, पन मधी फोन वाजला तर मला घ्यावा लागंल, आन तो वाजनारच. आन त्या खुर्चीवर बसू नका, तिच्यावर राणी बसते, तिचे केस चिकटतील साडीला. इकडं बाकड्यावर बसा. तर माझं नाव इंदूबाई, माहेर सिन्नरच्या बाजूचं, गावाचं नाव लिहू नका, तिथले लोक म्हनतील इंदी आता कुत्र्यांमुळं छापून आली. कोरडवाहू गाव आमचं, बाजरी आन थोडीशी ज्वारी, वस्तीवर घर. आन वस्तीवर कुत्रं कायम असायचं, पन ते आम्ही पाळलंय असं कोनी म्हनत नव्हतं. ते असायचंच, उंबरा असतो तसं. आई भाकरी भाजायला बसली की शेवटच्या पिठाचा एक जाडजूड रोडगा थापायची, तो कुत्र्याचा. तांबडं असलं तर तांबड्या, काळं असलं तर काळ्या, झालं नाव. म्हातारं झालं की बांधावरच मरायचं, वडील खड्डा करायचे. कोनी त्याला आनलं नाय, कोनी त्याला सोडलं नाय. कुत्रं सोडतात हे मला इथं एकलहऱ्याला येऊनच कळलं.

लग्न होऊन मी एकलहऱ्याला आले. आमचे मालक थर्मलला, वीज बनवतात तिथं, कंत्राटात होते, कोळशाच्या बाजूला. काय सांगू तुम्हाला, लग्नानंतर पहिल्यांदा कामावरून घरी आले तर मी ओळखलंच नाय, दात आन डोळे तेवढे पांढरे. साबन लावून लावून हात दुखायचे माझे, उशीच्या खोळीवर कायम काळा डाग. त्यांच्या बरोबरचे सगळे बाहेरगावचे, कोन बिहारचा, कोन जळगावकडचा, जेवनाचे हाल त्यांचे. मालक म्हनले चार डबे तू करत जा. चाराचे झाले किती तरी, मंग रस्त्याच्या कडंला पत्र्याची शेड घातली आन खानावळ झाली. अजून चालू हाय. आता मालक रिटायर, कंत्राटात कसलं रिटायर, पाठ गेली म्हनून घरी बसले, आन दिवसभर मला बोलत्यात. हे काय चाललंय तुझं, हे घर हाय का गोठा. तेच त्या ताटलीत दूध कालवून ठेवतात लपून, मला काय कळत नाय का.

खानावळ म्हनली की शिळंपाकं आलंच, आन शिळंपाकं आलं की कुत्रं आलंच. पहिली एक भुरी कुत्री होती, ती माझ्या सरपनाच्या ढिगामागं व्याली. शेजारचे म्हनले पोत्यात भरून देऊ, नदीपलीकडं टाकून येऊ. मी म्हनले टाकून यायला ती काय कचऱ्याची पिशवी हाय का, ओली बाळंतीन हाय ती. भांडले मी. मंग डोळे उघडल्यावर एकेक पिल्लू देत गेले, कोन ट्रकवाला घेऊन गेला, कोन वॉचमननी नेलं, पळशाकडच्या एका बाईनी द्राक्षाच्या बागेत नेलं. सगळी गेली. मला वाटलं झालं, संपलं. कुठलं संपतंय. चांगलं काम एकदा केलं ना ताई की ते तुमच्याच नावावर लागतं. लोकांना कळलं, एकलहऱ्याला एक बाई हाय, ती कुत्र्यांना घर देते.

आन मंग सुरू झालं. सकाळी शेड उघडायला जावं तर दारात खोकं. त्यात चिंध्या, चिंध्यांत पिल्लं, आन शेजारी एक बिस्कीटपुडा, म्हंजे आम्ही काय निर्दयी नाय बरं का, बिस्कीट ठेवलंय. फोन येतात, मावशी, आमच्या सोसायटीत कुत्रं भुंकतं, घेऊन जा. म्हनलं भुंकायचं नाय तर काय करायचं त्यानी, गायचं का. मावशी, आमच्या गाडीवर बसतं, सीट फाडतं, कधी येताय. म्हनलं मी काय म्युनिसिपालटी हाय का. तर म्हनतात, तुम्ही कुत्रेवाल्या मावशी ना. हे नाव पडलंय मला. पोटाला भाकरी मी घालते थर्मलच्या मानसांना, डबेवाल्या मावशी कोनी म्हनत नाय. नातीच्या शाळेत गेले तर तिथली बाई म्हने, अहो तुम्ही त्या कुत्र्यांच्या का, आमच्या गल्लीत एक आहे.

त्यातल्या त्यात एक बरी भेटली, ऋजुता. नाशिक रोडला बँकेत हाय, लग्न नाय झालं अजून, दोन पैकी एक सुट्टी माझ्याकडं घालवते. पिल्लांचे फोटो काढते, मोबाईलवर टाकते, लसीला नेते, मोठ्यांचं ऑपरेशन करून आनते. ती म्हनते मावशी, आपण यांना दत्तक देतो. मी म्हनले दत्तक कसलं बाई, वारस लावायचाय का सातबाऱ्याला. पन तिचा शब्द तिला, आपलं काम आपल्याला. माझ्या लेखी हे स्थळ बघायचं काम हाय. अगदी तसंच. फोटो पाठवायचा, मंग लोक विचारनार रंग काय, उंची किती होईल, नर का मादी. मादी म्हनलं की फोन बंद. पांढरं हाय का, गुबगुबीत हाय का, लॅब्राडॉर मिक्स हाय का. म्हनलं तुमच्या मुलासाठी बघताना पन असंच विचारलं होतं वाटतं, आन मिळाली का तशी. काळं असलं की ते मागंच राहनार. काळं, मादी आन लंगडं असलं तर ते माझंच.

म्हनून मी काय करते, मी घर बघायला जाते. ऋजुता म्हनते मावशी व्हिडिओ कॉल करू. म्हनलं व्हिडिओत सगळ्यांचीच घरं सारवलेली असतात. मी जाते, चहा घेते, घरात म्हातारं मानूस असेल तर त्याच्याशीच बोलते, कारन शेवटी दिवसभर कुत्र्यापाशी तेच असनार. आन एकच विचारते, यानी तुमची नवी चप्पल कुरतडली तर काय कराल. जो म्हनला आम्ही ट्रेनिंग देऊ, त्याला देत नाय. जो म्हनला चप्पल वर ठेवू, त्याला देते. इतकी साधी गोष्ट हाय ती.

आता मुख्य सांगते, कोळशाचं. कोळशा लहान असतानाच आला, कोळशाच्या ट्रकखाली सापडला होता, पुढचा डावा पाय गेला होता. आमच्या मालकांनीच उचलून आनला, आन वर मलाच म्हनले घे, अजून एक, आता हौस फेड. जखम भरली पन तो पाय त्यानी कधी टेकला नाय, लंगडा तो लंगडाच राहिला. काळा म्हंजे किती काळा, मालक पूर्वी कामावरून यायचे तसा. म्हनून नाव कोळशा. स्वभावाला इतका गरीब की बाकीचे त्याच्या ताटलीत तोंड घालायचे आन हा बाजूला उभा राहून बघायचा. डब्याच्या झाकनाचा आवाज आला की मात्र कुठं असंल तिथून यायचा तीन पायांवर उड्या मारत. त्याचे किती फोटो टाकले ऋजुतानी, हसतानाचे, झोपलेले, गळ्यात रुमाल बांधून. लोक लिहायचे, किती गोड. गोड म्हनायला काय जातं, न्यायला कोन येतंय. दोन वर्षं गेली अशी.

आन एके दिवशी एक पांढरी गाडी थांबली शेडसमोर. शिरसाठ साहेब आन त्यांची बायको, मी वहिनी म्हनते, जेल रोडला बंगला त्यांचा, साहेब कुठंतरी मोठ्या हुद्द्यावर. मला वाटलं पार्सल न्यायला आले. वहिनी म्हनल्या, मावशी, तुमच्याकडं काळा कुत्रा आहे ना, पूर्ण काळा. मला बाई कानावर विश्वासच बसेना. इतक्या वर्षांत काळा हाय का म्हनून विचारनारं हे पहिलंच मानूस. मी कोळशाला पुढं केलं, आधीच सांगितलं लंगडा हाय. म्हनल्या, लंगडा चालेल, पण रंग दाखवा. त्यांनी त्याला उताना केला, पोट बघितलं, बगला बघितल्या, शेपटी उचलून बघितली, सोनार दागिना बघतो तसं. मागच्या एका बोटावर चार पांढरे केस निघाले. तर वहिनी बाजूला गेल्या, फोन लावला, चार केस आहेत म्हनाल्या, चालतील का. मंग आल्या, म्हनाल्या चालतील. मला वाटलं सासूला विचारलं असंल. लोकांच्या घरात विचारावं लागतं ना, मला कौतुकच वाटलं.

मी घर बघायला गेले. साहेबांची आई, आजी म्हनू आपन, ओट्यावर लसून सोलत बसलेली, निफाडकडची, माझ्यासारखीच बोलनारी. मी विचारलं चप्पल कुरतडली तर. आजी म्हनली, माझी चप्पल आठ वर्षांची हाय, कुरतडू दे, त्या निमित्तानी नवी मिळंल. मी तिथंच स्थळ पक्कं केलं. कोळशाला निरोप देताना मालक शेडमागं जाऊन उभे राहिले, डोळ्यात धूर गेला म्हने. चूल पेटलेली नव्हती.

मंग दर शनिवारी वहिनींचा फोटो यायचा. दर शनिवारी, न चुकता. कोळशा पोळी खातोय. पोळी पन कशी, तेलानी चमकनारी, आन साहेब शेजारी सोवळ्यात उभे, हात जोडलेले. मी सगळ्यांना दाखवायची, बघा, कुत्र्याला जेवू घालताना हात जोडतात, असली मानसं राहिली का जगात. ऋजुता म्हनली मावशी, फोटो शनिवारीच का येतो. मी म्हनले साहेबांना सुट्टी असंल शनिवारी. मी सिन्नरची बाई, आमच्याकडं शनिवारी मारुतीला तेल वाहतात, रुईच्या पानांचा हार घालतात, हे सगळं मला येतं, आन तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाय. मला वाटलं तेलानी अंगावर केस चांगले येतात म्हनून देत असतील.

एका शनिवारी फोटो आला नाय. पुढच्या शनिवारी पन नाय. फोन लावला तर वहिनी म्हनाल्या गावाला आलोय. मी म्हनले कोळशा पन गावाला आलाय का. तर फोन कट. मी डबे मालकांवर टाकले आन त्या शुक्रवारी गेले जेल रोडला. वहिनी घरीच. अंगनात कोळशाचं भांडं नाय, पट्टा नाय, काय नाय, फरशी धुतलेली. मला बसवलं, पानी दिलं, आन हातावर पेढा ठेवला. म्हनाल्या मावशी, तोंड गोड करा, यांची साडेसाती संपली, मुलाला पण नोकरी लागली. मी म्हनले अभिनंदन, कोळशा कुठाय. तर म्हनाल्या, त्याला मोकळा केला.

मोकळा केला. ताई, तुम्ही लिहा हा शब्द, तसाच्या तसा लिहा. मी म्हनले मोकळा म्हंजे. तर म्हनाल्या, साडेसाती होती ना, ज्योतिषांनी सांगितलेलं शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घाला. आता दर शनिवारी काळा कुत्रा कुठं शोधत फिरायचं उन्हात, म्हणून घरीच आणला. आता संपली साडेसाती, तर पीडा त्याच्याबरोबर गेली पाहिजे, घरात ठेवून कसं चालेल. त्र्यंबकला नेऊन सोडलाय, देवाच्या दारात, खायला भरपूर मिळतं तिथं. असं सांगितलं मला, आन ते पन लय समजूतदारपने, मीच अडानी असल्यासारखं. मी म्हनले अहो सोडायला तो काय नारळ हाय का नदीत सोडायला. आजी कुठाय म्हनलं, तर लेकीकडं लासलगावला गेलीय. तिला सांगितलंय कोळशा आपनच पळून गेला. तीन पायांचं कुत्रं पळून गेलं म्हने. माझ्या हातात तो पेढा तसाच होता. टाकता पन येईना, अन्न हाय, आन खाववंना पन.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो त्र्यंबकला, नाशिक रोडवरून सीबीएस, तिथून यष्टी. मालक कमरेला पट्टा बांधून निघाले, आन रस्ताभर तोंड चालू. तुला सांगितलं होतं, देऊ नको, बंगल्यावाल्यांना देऊ नको. म्हनलं कधी सांगितलं होतं, तुम्ही तर धुरात उभे होता. त्यांच्या पिशवीत रिकामा डबा होता. म्हनलं डबा कशाला, तो पन रिकामा, तर म्हने असू दे. उतरल्यावर शोधायचं कुठून. देवळाच्या रांगेपाशी बघितलं, कुशावर्तापाशी बघितलं, हारवाल्यांना विचारलं, काळा कुत्रा दिसला का, लंगडा. तर हसायला लागले. एक हारवाला म्हनला, मावशी, काळ्याला काय तोटा, कितवा पायजे.

मला काय कळंना. मंग एका गल्लीत एक काकू भेटल्या, घरात यात्रेकरूंच्या पूजा-जेवनाचं करनारं कुटुंब, दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बसवलं, पानी दिलं. म्हनाल्या, अहो इथं असंच असतं, कुठून कुठून गाड्या येतात, नाशिकच्या, मुंबईच्या, मागचं दार उघडतात, काळं कुत्रं खाली उतरवतात आणि निघून जातात. कोणी सांगितलेलं असतं देव जाणे, शास्त्रात काही असं नाही. आमचे हे तर ओरडून ओरडून दमले, की बाबांनो, मुक्या जिवाला टाकून कुठली पीडा जाते. पण घाईत असतात लोक. जा, गाडीतळापाशी बघा. शनिवारी तर विचारूच नका, जो येतो तो तेलाची पोळी घालतो, दिवसभर ओकत असतात बिचारी.

आन त्या दिवशी शनिवारच होता. गाडीतळाला गेलो आन मी जागच्या जागी उभी राहिले. काळीच काळी. कोन म्हातारं, कोन केस गेलेलं, एकाच्या गळ्यात अजून चांगला लाल पट्टा, एकाच्या कपाळाला कुंकू. सगळी घरातली, कळतं ना लगेच, रस्त्यावरचं कुत्रं मानसाच्या हाताकडं बघतं, घरातलं तोंडाकडं बघतं. ही सगळी तोंडाकडं बघत होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. राग पन इतका आला की कोनाचा करावा कळंना.

कोळशा तिथं कडंला दिसला. बरगड्या निघालेल्या, डोक्यावर तेल थापलेलं, त्यावर धूळ बसलेली. मी हाक मारली, कोळश्या. त्यानी कान हलवला पन उठला नाय. एक पांढरी गाडी आत आली, तर उठला, तीन पायांवर तिच्यापर्यंत गेला, दार उघडंपर्यंत उभा राहिला, आतून कोन उतरतंय बघितलं, आन परत येऊन बसला. मंग दुसरी पांढरी गाडी आली, परत तेच. मी म्हनले मेल्या, ज्यांनी टाकलं त्यांचीच वाट बघतोय, मी दोन वर्षं सांभाळला तर मला ओळख नाय. जवळ गेले तर सरकून बसला. तेव्हा मालकांनी पिशवीतून डबा काढला आन झाकन वाजवलं, खानावळीत वाजवतात तसं. कोळशानी मान वर केली. परत वाजवलं. मंग आला तो, आन मालकांच्या पायावर तोंड ठेवून आडवाच झाला, उठंनाच. मालक म्हनले, चल, घरी आंघोळ करू, दोघं पन करू.

यष्टीत कुत्रं घेईनात. एक जीपवाला तयार झाला पन आतली मानसं बोंबलायला लागली, कुत्रं नको, पाय ठेवायला जागा नाय. तेवढ्यात एक काका म्हनले, काळाय ना, आन आज शनिवार, असू दे, चांगलं असतं. झालं, सगळे सरकले. एका बाईनी पाया पडून घेतलं त्याच्या. एकानी पिशवीतून पोळी काढली तर मी म्हनले तेल असंल तर आत ठेवा. अशी ही मानसं, शनिवारी पाया पडनार आन रविवारी दगड मारनार.

मी ठरवलंच होतं, आता कोळशा माझ्यापाशी, कुठं देनार नाय. औषध सुरू केलं, पोट लायनीवर आलं. आन आठ-पंधरा दिवसांनी शेडसमोर रिक्षा थांबली, तिच्यातून आजी उतरली. एकटी. हातात डबा, डब्यात दूधभाकरीचा काला. कोळशा बाकड्याखाली होता. ताई, त्यानी आवाज ऐकला ना तिचा, तर त्या तीन पायांचे चार झाले वाटलं मला. आजी खालीच बसली मातीत, लुगड्याचा विचार न करता, आन तो तिच्या मांडीत. कोन काय बोलतंय कोनाला कळंना.

मंग मला म्हनली, मला फसवलं गं बाई त्यांनी. लेकीकडून आले तर म्हने पळून गेला. शेजारनीनी खरं सांगितलं. त्यांचं शनिवारचं असायचं, बाकीचे दिवस तो माझाच होता, माझ्या खाटंखाली झोपायचा. आता मला दे परत. मी म्हनले आजी, राग मानू नका, ज्या घरानी एकदा सोडलं त्या घरात मी परत देत नाय. आजी म्हनली घराला देऊ नको, मला दे. मी म्हनले घर तुमच्या मुलाचं, उद्या परत नेऊन टाकला तर. तर म्हातारी हसली. दात नायत तिला, तशीच हसली. म्हनली, आता कोन टाकतंय. मी मुलाला सांगितलंय, मला साडेसाती लागली.

मला कळंना हसावं का काय करावं. म्हनली, गुडघे दुखतात, झोप नाय, घरातलं मानूस न सांगता जातं, ह्या सगळ्या साडेसातीच्याच खुना की नाय. मुलगा घाबरला, लावला त्यानी ज्योतिषाला फोन. ज्योतिषानी विचारलं माझी जन्मतारीख, वेळ, रास. मी म्हनले, ज्वारीत दाना भरला होता तेव्हाची मी, लावा हिशोब. पत्रिका कुठं होती आमच्या काळी बायांची. तेव्हा तो म्हनला, असू शकते. त्याला नाय म्हनता येईना. झालं, मुलगा म्हनला आई, काळा कुत्रा आणावा लागेल. मी म्हनले दुसरा चालनार नाय, उपाय ज्याच्यावर सुरू झाला त्यालाच पुढं चालवायचा. आन ती साडेसात वर्षांची असती गं, मला पुरतील तेवढी.

तरी मी अडूनच बसले. म्हनलं आजी, तोंडावर बोलते, तुमच्यामागं काय त्याचं. आजी त्याच्या कानातली गोचीड काढत होती. मंग म्हनली, माझ्यामागं तू हाय. नायतर मी मुलालाच धाडलं नसतं का गाडी घेऊन. मी आले ते तुझ्याकडं शब्द टाकायला आले, की मी गेल्याचं कळलं की ते दिवस घालायच्या आधी येऊन त्याला घेऊन जायचं. एवढं करशील का. मी म्हनले, करीन. मी मालकांकडं बघितलं तर ते नव्हते, शेडमागं गेले होते. आन कोळशा, तो तर रिक्षात जाऊन बसला होता आधीच.

तर असं झालं. हाय तो तिथंच. साहेब आन वहिनी मला भेटले की लय गोड बोलतात, त्यांचं काय चुकलं हे त्यांना अजून कळलेलं नाय, आन कळनार पन नाय, मी नाद सोडला. वहिनी उलट म्हनाल्या, मावशी, आईंना गुण आला हो उपायाचा, आता रोज चालायला जातात. त्र्यंबकची बाकीची काळी तिथंच हायेत, त्यातली दोन ऋजुतानी आनली, एक ही राणी, खुर्चीवाली, एक मागं बांधलीय. बाकीच्यांचं काय करू, मला दोनच हात हायेत. काकू घालतात त्यांना, बिनतेलाचं. आन आता मी घर बघायला गेले की चपलीच्या आधी विचारते, घरात रास कोनाची कोनती, आन चालू काय हाय. लोक म्हनतात मावशी ज्योतिष पन बघतात का. म्हनलं, बघावं लागतं.

बघा, वाजला. थांबा, आजीचाच असंल, ह्याच वेळंला करती. रोज फोन. फोटो काढता येत नाय तिला, म्हनून फोन कोळशाच्या तोंडाशी धरती आन म्हनती ऐक. आता तो भुंकला तर ठीक, नाय भुंकला तर ती त्याला भुंक म्हनत बसती, इकडं माझं वरन करपतं, लोक ताट घेऊन उभे. वैताग हाय नुसता. पन जेवनं उरकली की मी शनिवारी इथल्या मारुतीला जाते, शेजारी शनिमहाराजांची शिळा हाय, तिथं सगळी रांग लावून उभी, देवा साडेसाती उतरव, लवकर उतरव. मी पन हात जोडते. म्हनते महाराज, बाकीच्यांचं तुम्ही बघा, त्या निफाडच्या म्हातारीची तेवढी राहू द्या.